रूबीचं नाक

"तोंड घट्ट धरा. ओढलं तर नळी आत मोडेल."

"नाही ओढणार मॅडम. मी धरलंय तोवर ती हलत नाही."

मुजावर डॉक्टरबाईंनी रूबीच्या डाव्या नाकपुडीत नळी सारली. रूबीचे मागचे पाय थरथरत होते, टेबलाच्या पत्र्यावर नखं वाजत होती, पण मान तिनं माझ्या हातात दिली ती दिलीच. नळीबरोबर काळपट रक्त आलं आणि मांसाचा एक कण, वाटाण्याएवढा. डॉक्टरबाईंनी तो बाटलीत टाकला, बाटली उजेडाला धरली, आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. मला तेव्हाच कळलं.

"कधीपासून रक्त येतंय?"

"दिवाळीपासून. मला वाटलं कुसळ गेलं असेल."

"सरकारी दवाखान्यात का नेलं नाहीत? कुत्री तर सरकारी आहे तुमची."

"म्हणूनच नाही नेली."

रूबी डोबरमन होती, जिल्हा पोलिसांच्या डॉग स्क्वॉडमधली. मी शिवा धोत्रे, पोलीस नाईक, तिचा हॅन्डलर. पिल्लू असल्यापासून तिचं खाणं, हगणं, ट्रेनिंग, सगळं माझ्या हातानं झालेलं. पण ती माझी नव्हती. जीप सरकारची, लाठी सरकारची, तशी रूबी सरकारची. फरक एवढाच, की जीपचं इंजिन गेलं तर दुरुस्तीला पैसे मिळतात. कुत्र्याचं नाक गेलं तर सरकारी डॉक्टर कागदावर एक शब्द लिहितो, 'अनफिट', आणि त्या दिवसापासून त्याचं रेशन बंद, औषध बंद. मग त्याचं पुढं काय करायचं याची फाईल फिरते. फाईल साहेबालोकांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली पडून असते, आणि कुत्रं कोंडवाड्यात कुजतं. आमच्या स्क्वॉडमधल्या हिरा कुत्र्याचं असंच झालं होतं. त्याला खड्ड्यात घालायला मीच होतो.

आठवड्यानं मुंबईहून तपासणीचं उत्तर आलं. डॉक्टरबाईंनी मला खुर्ची दिली. पोलिसाला कोणी स्वतःहून खुर्ची दिली की समजावं, बातमी वाईट आहे.

"नाकाच्या पोकळीत गाठ आहे, धोत्रे. कॅन्सर. हाडापर्यंत गेलाय."

"बरी होईल?"

"नाही."

"मग तुमच्याकडं औषध कशाला आहे?"

"वेळ मिळावा म्हणून. सलाईनमधून इंजेक्शन द्यायचं, तीन-तीन आठवड्यांनी, सहा वेळा. लागू पडलं तर वर्षभर काढेल, बऱ्यापैकी. नाही दिलं तर उन्हाळा बघायची नाही. नाकाचं हाड फुगेल, मग डोळा."

"आणि वास?"

"डाव्या बाजूचा गेलाच असणार. उजव्या बाजूचं कुत्रीला विचारा. माणसाला कळत नाही ते."

मग त्यांनी खर्च सांगितला. एका इंजेक्शनला माझा अर्धा पगार. "माझी फी नाही धरलेली त्यात," त्या म्हणाल्या. "आणि हे बघा, मी कुणाला कळवणार नाही. पण तुमच्या साहेबांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

घरात पैसे होते. सिंधूच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले. माझी बायको दोन वर्षं अंगावर काढत होती. मी जेवताना विषय काढला, ती भाकरी थापायची थांबली नाही.

"म्हंजी माझी पिशवी सडली तरी चालंल, कुत्रीचं नाक ऱ्हायलं पायजे."

"तसं नाही गं."

"मग कसं? सांगा की. गेल्या साली म्हणला, दिवाळीनंतर. दिवाळी झाली. आता काय, कुत्रीनंतर?"

"उन्हाळ्यात करू. सोसायटीचं कर्ज काढतो."

"डाक्टरनं मला इचारलं तर काय सांगू? नंबर लागलाय, फुडं कुत्री हाय?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले, ट्रंकेतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्या ताटाशेजारी आपटली.

"घ्या. पर वाचवा तरी तिला. दोन्हीकडनं नगा घालवू."

पहिल्या इंजेक्शननंतर रूबी दोन दिवस ओकत होती. मी कोंडवाडा स्वतः धुतला, कुणाला कळू दिलं नाही. बाकीचे हॅन्डलर विचारायचे, तर मी म्हणायचो, शिळं खाल्लं. दुसऱ्या इंजेक्शननंतर मात्र रक्त थांबलं. नाकावरची सूज उतरली. डोळ्यांत पाणी आलं, तिच्या नाही, माझ्या.

नाक बघायचं होतं. पहाटे परेड ग्राऊंडवर कोणी नसताना मी जुना पायमोजा नेला, कोपऱ्यातल्या विटांच्या ढिगाऱ्यात लपवला, आणि परत येऊन तिला सोडलं. "सर्च, रूबी."

ती निघाली. थोडी वाकडीतिकडी गेली, एकदा थांबली, मान वर केली, पुन्हा निघाली आणि सरळ विटांपाशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मी मोजा टाकीमागं ठेवला. सापडला. तिसऱ्या दिवशी झाडावर अडकवला. तोही सापडला. मी तिला अंडं चारलं आणि घरी जाऊन सिंधूला सांगितलं, "नाक परत आलं. वाया नाही गेले पैसे."

"मग आता माझी पिशवी तिलाच हुडकायला सांगा," सिंधू म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून डब्यात माझ्या भाजीशेजारी दोन अंडी जास्तीची यायला लागली.

तिसरं इंजेक्शन चार दिवसांवर होतं तेव्हा बोरदऱ्याहून बोलावणं आलं. तिथल्या आडत व्यापाऱ्याचं घर मागच्या दारानं फोडलं होतं. दागिने गेले होते आणि त्याच्या म्हाताऱ्या आईच्या डोक्यात लोखंड घातलं होतं. म्हातारी दवाखान्यात बेशुद्ध. सारं गाव दारात जमलेलं. पीआय खर्डेकर साहेब व्यापाऱ्याच्या ओट्यावर खुर्चीत बसले होते.

"आली का आमची मॅडम," ते रूबीकडं बघून म्हणाले. "बघा हो धोत्रे, पेपरवाले पण आलेत. आज इज्जत राखा."

"साहेब, मला वाटतं..."

"तुम्ही नका वाटून घेऊ. कुत्रीला वाटू दे. माळावर पारध्यांची चार पालं पडलीत, पंधरा दिवस झाले. आता मी काही बोलत नाही, पण माणसाला डोळे असतात."

हे सगळं रूबी जीपमधून खाली उतरायच्या आत बोलून झालं होतं. मीही माळाकडं बघितलं. सगळेच बघत होते.

मागच्या दारात चोरानं टाकलेली कटावणी पडली होती. रूबीला तिचा वास दिला. तिनं नाक लावलं, शिंकली, पुन्हा लावलं. परसातून फिरली, शेणाच्या उकिरड्याला वळसा घालून रस्त्यावर आली. मी लांब दोरी धरून मागं. माझ्यामागं दोन पंच, चार शिपाई, कॅमेरेवाला आणि गाव.

गावाबाहेर रस्ता फुटत होता. डावीकडं कॅनॉलवरून हायवेला. उजवीकडं माळ. रूबी थांबली. मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. मी काही केलं नाही. शपथेवर सांगतो, हूं की चूं केलं नाही. नुसता उभा होतो, दोरी माझ्या हातात होती.

रूबी उजवीकडं वळली.

मागं माणसं कुजबुजली. कुणीतरी म्हणालं, "बघ, मी म्हणलं नव्हतं?" पालं दिसायला लागली तशी रूबीची चाल वाढली. पहिलं पाल सोडलं, दुसरं सोडलं, तिसऱ्यासमोर एक माणूस पारधीच्या जाळ्याला गाठी मारत उकिडवा बसला होता. रूबी त्याच्यासमोर बसली आणि भुंकली. तीनदा. तिला शिकवलं होतं तसं.

शिपायांनी त्याला बोलायचा वेळही दिला नाही. झिंगऱ्या पवार त्याचं नाव. पहिली थप्पड बसली तेव्हा ते जाळं त्याच्या हातातच होतं. त्याची बायको अंगूर चुलीपुढून उठून आली ती थेट माझ्यावर.

"ए कुत्रेवाल्या! कशाचा वास घेतला रं तिनं? नाक खाली कुटं हुतं तिचं?"

"बाजूला हो," मी म्हणालो.

"मी बगत हुते लांबनं! तुज्या तोंडाकडं बगत आली ती! पाच पावलं चालली की तुज्या तोंडाकडं! मानूस दावलास तू, कुत्री कशाला आनलीस?"

एका शिपायानं तिला ढकललं. ती पडली ती चुलीजवळ. चुलीवर डेचकं शिजत होतं. पालाच्या दोरीवर मटणाच्या पट्ट्या वाळत घातल्या होत्या, अगदी रूबीच्या तोंडाच्या उंचीवर. माशा घोंगावत होत्या. तो वास मला येत होता. शिपाई नाकाला रुमाल लावून उभे होते. रूबी त्या पट्ट्यांना घासून गेली होती. तिची नाकपुडीसुद्धा हलली नव्हती.

परेड ग्राऊंडवरचा मोजा मला आठवला. विटांत मी ठेवला होता. टाकीमागं मी ठेवला होता. झाडावर मी अडकवला होता. कुठं आहे ते मला ठाऊक होतं, आणि माझं तोंड, माझा खांदा, माझ्या हातातली दोरी, यातलं काहीतरी तिला सांगत होतं. नाक परत आलंच नव्हतं. तिनं नाकाचं काम माझ्यावर सोपवलं होतं. आणि आज फाट्यावर तिनं विचारलं तेव्हा, मला चोर ठाऊक नसताना, मी तिला उत्तर दिलं होतं.

मी वडार. माझा आजा दगड फोडत गावोगाव फिरला. गावात कोंबडी हरवली तरी पहिली लाथ आमच्या पालावर बसायची, आजीची मडकी फुटायची. खाकी घालून मला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत माझा हातसुद्धा खाकी झाला होता.

"साहेब," मी खर्डेकरांना म्हणालो. "कुत्री आजारी आहे. तिला नाक नाही."

"काय?"

"कॅन्सर आहे नाकात. मी लपवलं. ती वासावर इथं आलेली नाही."

खर्डेकरांनी माझा दंड धरला आणि मला बाभळीच्या आडोशाला नेलं. आवाज एकदम गोड झाला.

"कोण औषध करतंय?"

"खाजगी. माझ्या पैशानं."

"वेडा का तू? नाईकाच्या पगारात कॅन्सर? आता मी सांगतो ते ऐक. पंचनामा होईल, त्यात लिहायचं, श्वानानं आरोपीचं पाल दाखवलं. तू सही करायची. उद्या पेपरात तिचा फोटो. मी स्वतः एसपी साहेबांना भेटतो, वेल्फेअर फंडातून तिचा खर्च. फोटो आलेल्या कुत्रीला कोण अनफिट करतं रे? मुंबईला ने, पुण्याला ने. हिरोईन होईल ती."

"आणि तो माणूस?"

"तो काय, पारधी आहे. आज नाही तर उद्या काहीतरी करणारच."

मी रूबीकडं बघितलं. तिनं लगेच माझ्याकडं बघितलं. तेवढंच काम उरलं होतं तिला.

खरं सांगतो, मी विचार केला. लगेच नाही म्हणालो नाही. तिसरं इंजेक्शन, चौथं, पाचवं, सहावं. सिंधूचे पैसे परत ट्रंकेत. रूबी पुढच्या थंडीत उन्हाला पडलेली. सगळं दिसलं मला. मग झिंगऱ्या ओरडला. त्याला पायावर मारत होते. आमच्या भाषेत माझा आजा ओरडला असता तसा नाही, त्याच्या भाषेत ओरडला, पण ओरडणं तेच.

मी पंचांकडं गेलो. एक रेशन दुकानदार, एक सोसायटीचा चेअरमन. "तुम्ही सही करणार ना? मग बघून करा." अंगूरच्या पालाशेजारी पाट्या पडल्या होत्या. त्यातल्या तीन मी उपड्या घातल्या. टोपी काढून चेअरमनच्या हातात दिली. "मी पाठ करतो. कुठल्याही पाटीखाली ठेवा. मला सांगू नका. कुत्रीलाही दिसू देऊ नका."

"धोत्रे!" खर्डेकर ओरडले. पण कॅमेरेवाला पुढं आला होता, गाव गोल करून उभं होतं. लोकांना तमाशा हवा होता.

मी पाठ केली, रूबीचं तोंड पोटाशी धरलं. मग वळलो. "सर्च, रूबी."

माझी टोपी. सात वर्षं माझ्या घामाचा वास घेतलेली कुत्री. ती पहिल्या पाटीपाशी गेली, थांबली, माझ्याकडं बघितलं. दुसरीपाशी गेली, माझ्याकडं बघितलं. तिसरी. मला ठाऊक नव्हतं. मी तिला काय सांगणार? ती परत आली, माझ्यासमोर बसली, मान वर केली आणि वाट बघत राहिली.

लोक हसले. पोरं टाळ्या वाजवायला लागली. "अरं, कुत्री हाय का शेळी?" कुणीतरी म्हणालं. खुनी, चोर पकडून दिलेली कुत्री, आणि ते हसत होते. मी जन्मात इतका अपमान सोसला नाही. माझा नव्हे, तिचा. आणि तो मीच केला होता.

"बघितलं?" मी पंचांना म्हणालो. "आता करा सही."

पंचांनी सही केली नाही. मला वाटलं, जिंकलो. बावळट होतो.

खर्डेकरांनी झिंगऱ्याला जीपमध्ये घातलाच. त्यांना कुत्रीची गरज नव्हती. कुत्री नुसती शोभेला होती. पंचनाम्यात रूबीचं नावच आलं नाही. तिच्या जागी आली 'खात्रीलायक बातमी'. त्या बातमीला नाक लागत नाही, कान लागत नाही, तिला कॅन्सरही होत नाही.

मी सस्पेंड झालो. सरकारी मालमत्तेचा आजार लपवला, तपासात अडथळा आणला. रूबी अनफिट. मला हेडक्वार्टरच्या गेटच्या आत पाय टाकायची बंदी. फाईल फिरायला लागली. कुत्री मला द्या, मी अर्ज केला. अर्जावर उत्तर आलं, की सरकारी मालमत्ता विल्हेवाटीच्या निर्णयाआधी देता येत नाही. तिसऱ्या इंजेक्शनचा दिवस गेला. मी कंपाउंडच्या भिंतीबाहेर उभा राहून शीळ घालायचो. आतून ती ओरडायची. मग गार्ड यायचा, म्हणायचा, "धोत्रे, नका हो. तुम्ही गेल्यावर ती गप होत नाही."

एक दिवस सिंधू म्हणाली, "डबा द्या हिकडं. मी जाते."

"तुला कोण सोडंल?"

"सस्पेंड तुमी हाय. मी न्हाई."

आणि गेली. पोटात कळ आली की ती रस्त्यात दगडावर बसायची, तशी बसत बसत रोज जायची. गार्डशी बहीण-भावाचं काहीतरी नातं लावून आत शिरायची. दूध, अंडी, माझा न धुतलेला शर्ट. परत आली की एवढंच सांगायची, "खाल्लं," किंवा "न्हाई खाल्लं."

डॉक्टरबाई एकदा घरी आल्या. "मला आत सोडत नाहीत. सरकारी डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, अनफिट जनावरावर औषधाचा खर्च मंजूर नाही. मी म्हणाले, खर्च मी करते. तर म्हणाले, तशी तरतूद नाही." त्या चहा न पिता गेल्या.

विल्हेवाटीचा कागद आला तेव्हा ऊन तापलं होतं. रूबीला मी हातगाडीवरून घरी आणली. डावा डोळा बाहेर आला होता, नाकाचं हाड फुटून वास येत होता. डॉक्टरबाई बघून म्हणाल्या, "आता इंजेक्शन नाही. आता एकच इंजेक्शन. तुम्ही सांगाल तेव्हा."

झिंगऱ्याचं विचाराल, तर तो काही महिन्यांनी जामिनावर सुटला. डाव्या पायानं लंगडत. पंचांची सही नव्हती म्हणून केस ढिली पडली, असं वकील मला म्हणाला. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाला असेल. चोर कधी सापडला नाही. तो झिंगऱ्याच होता की नव्हता, मला आजही ठाऊक नाही. ठाऊक नाही, एवढंच तर मी त्या दिवशी म्हणालो होतो. अंगूर मला एकदा बाजारात दिसली. माझ्या पायापुढं थुंकली आणि गेली. बरोबर केलं तिनं.

रूबी आमच्या ओसरीवर नऊ-दहा दिवस होती. मग मी डॉक्टरबाईंना निरोप दिला, उद्या सकाळी या.

त्या संध्याकाळी सिंधू तिच्यासमोर बसली. उकडलेल्या अंड्याचा तुकडा एका मुठीत, दुसरी मूठ रिकामी. पोरासमोर धरतात तशा तिनं दोन्ही मुठी पुढं धरल्या. "सांग गं बये, कशात हाय?"

रूबीनं मुठींकडं नाक नेलंच नाही. कशीबशी मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. मग सिंधूच्या उजव्या मुठीवर तोंड ठेवलं. अंडं त्याच मुठीत होतं, ते घेताना मी बघितलं होतं.

सिंधू हसली नाही. तिनं अंडं चारलं, दुसरा तुकडा घेतला, हात पाठीमागं नेऊन बदलले. मग मला म्हणाली, "डोळं मिटा."

मी मिटले. फक्त रूबीचा घरघरणारा श्वास.

मी डोळे उघडले. दोन्ही मुठी तशाच पुढं होत्या. रूबी माझ्याकडंच बघत होती, एकाच डोळ्यानं, माझे डोळे उघडायची वाट बघत.